औष्णिक वीज केंद्राचे आकडे कसे वाचावेत

उन्हाळ्यात भारनियमनाची चर्चा सुरू झाली की, कोळशावर चालणाऱ्या चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट असूनही वीज का कमी पडते, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना स्थापित क्षमतेचा, म्हणजे सगळी यंत्रे पूर्ण भाराने चालल्यास मिळू शकणाऱ्या विजेचा, आकडा बाजूला ठेवावा, कारण सर्वांत जास्त उद्धृत होणारा हा आकडा त्या दिवशी किती वीज मिळेल याविषयी फारच थोडे सांगतो.

प्रथम केंद्र संचांमध्ये, म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र यांच्या स्वतंत्र जोडण्यांमध्ये, मोडून पाहावे. चंद्रपूरला २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच संच आहेत. त्यामुळे बॉयलरच्या नळीला गळती लागून ५०० मेगावॅटचा एक संच जरी बंद पडला, तरी केंद्राची सुमारे एक षष्ठांश क्षमता एकदम जाते. शिवाय कोळसा दळणाऱ्या चक्क्या, पंप आणि पंखे यांसाठी केंद्र स्वतःच निर्मितीच्या साधारण सहा ते नऊ टक्के वीज वापरते. म्हणून एकूण निर्मितीचा नव्हे, तर ग्रीडला प्रत्यक्ष दिलेल्या विजेचा आकडा घ्यावा.

त्यानंतर कोळसा पाहावा, आणि येथे घाई करू नये. ५०० मेगावॅटचा संच चोवीस तास पूर्ण भाराने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. आपल्याकडच्या कोळशाचा वापर युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरल्यास दिवसाला ८४०० टन कोळसा लागतो, म्हणजे एका संचासाठी रोज दोन रेकपेक्षा (कोळशाच्या पूर्ण मालगाड्यांपेक्षा) थोडा जास्त. केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रत्येक केंद्राच्या साठ्याचा दैनिक अहवाल प्रसिद्ध करते. खाणीजवळच्या केंद्रांसाठी १२ ते १७ दिवसांचा आणि दूरच्या केंद्रांसाठी २० ते २६ दिवसांचा साठा अपेक्षित आहे. मात्र हे दिवस ८५ टक्के भारांक (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष निर्मितीचे प्रमाण) गृहीत धरून मोजलेले असतात, हे विसरू नये. साठा टनांत पुरेसा दिसत असला, तरी कोळशाचे उष्मांकमूल्य (किलोमागे मिळणारी उष्णता) कमी असेल तर तितक्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो, आणि पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये (बॉयलरआधीच्या कोळशाच्या टाकीत) अडकला की साठा असूनही संचाचा भार उतरवावा लागतो.

एखादा संच बंद दिसला की तो नादुरुस्त आहे, असा निष्कर्ष लगेच काढणे अन्यायाचे ठरेल. कोणत्या केंद्राची वीज आधी घ्यायची, हे राज्य भार प्रेषण केंद्र मेरिट ऑर्डरनुसार, म्हणजे स्वस्त वीज आधी या क्रमाने, ठरवते, आणि त्या क्रमवारीत केंद्राचा बदलता खर्च, म्हणजे मुख्यतः इंधनाचा खर्च, पाहिला जातो. कोराडी व चंद्रपूर ही केंद्रे विदर्भातील खाणींजवळ आहेत. नाशिकजवळच्या एकलहरे केंद्रापर्यंत मात्र कोळसा शेकडो किलोमीटर रेल्वेने न्यावा लागतो, त्यामुळे तेथील विजेचे युनिट महाग पडते आणि मागणी घटली की तेथील संच आधी मागे हटतात. तेव्हा संच बिघाडामुळे बंद आहे, कोळशाअभावी बंद आहे की मागणी नसल्याने राखीव ठेवला आहे, हे कारण वाचल्याशिवाय भारांकाची तुलना करू नये.

दिवसाच्या सरासरीवरही विसंबू नये. सौरऊर्जा वाढल्यापासून दुपारी कोळशावरील संचांचा भार बराच खाली आणला जातो आणि सूर्यास्तानंतर तो पुन्हा चढवावा लागतो. राज्याच्या विजेत या केंद्रांचे खरे महत्त्व पाहायचे असेल, तर संध्याकाळी सात ते रात्री दहा या वेळेतील निर्मिती स्वतंत्रपणे पाहावी.

शेवटी पाणी. मराठवाड्यातील परळीचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. वाफ थंड करण्यासाठी सतत पाणी लागत असल्यामुळे परळीबाबत अंदाज बांधताना केंद्राला पाणी देणाऱ्या जलाशयाचा साठा ऑक्टोबरअखेर पाहून ठेवावा. परतीचा पाऊस संपल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यात फारशी भर पडत नाही.