परदेशातला पहिला नाताळ: आधी करून ठेवायची कामं

आधी कॅलेंडर काढा आणि तुम्ही राहता त्या देशात नाताळ नेमका कधी असतो ते बघा. पहिल्या वर्षी गोंधळ इथूनच सुरू होतो. जर्मनी, पोलंड, स्वीडन, नॉर्वे इथे घराघरातला मुख्य सोहळा २४ डिसेंबरच्या संध्याकाळी होतो. त्या संध्याकाळचं काही न ठरवता राहिलात, तर २५ला सकाळी तुम्ही तयार होऊन बसाल तेव्हा शेजाऱ्यांचा सण अर्धा होऊन गेलेला असेल. ब्रिटन आणि अमेरिकेत २५ची दुपार महत्त्वाची. रशिया, सर्बिया, जॉर्जियातली ऑर्थोडॉक्स चर्चेस जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळतात. ते आपल्या रोजच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे चालतं, म्हणून तिथे ख्रिस्तजन्माचा सण ७ जानेवारीला येतो. आर्मेनियात तो ६ जानेवारीला असतो. जपानमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टीच नसते, त्यामुळे तिथे असाल तर रजेचा अर्ज नोव्हेंबरमध्येच द्या. वरिष्ठांना कारण मोकळेपणाने सांगा. सण आहे आणि मी घरापासून लांब आहे, एवढं सांगण्यात काहीच कमीपणा नाही.

होस्टेलमध्ये राहत असाल तर ते सुट्टीत उघडं आहे का, हे आजच विचारा. अमेरिकेत कित्येक कॉलेजांची वसतिगृहं हिवाळ्याच्या सुट्टीत बंद होतात आणि थांबायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. तिची मुदत टळून गेली तर ऐन थंडीत सामान उचलून जागा शोधायची वेळ येते. सुट्टीत शेजारच्या देशात फिरून यायचा विचार असेल, तर परत येताना चालेल असा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना हातात आहे ना, तेही पाहा. नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत कचेऱ्यांतून काम होईल, ही आशा धरू नका.

आता घरातल्या सामानाचं. बंद शहर म्हणजे काय, हे अनुभव आल्याशिवाय खरं वाटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना २५ डिसेंबरला दिवसभर बंद राहावंच लागतं, तसा २००४चा कायदा आहे. जर्मनीत २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी, २४ला दुकानं दुपारी बंद होतात आणि रविवारी एरवीही उघडत नाहीत. २०२६ मध्ये २५ तारखेला शुक्रवार आहे. म्हणजे गुरुवारी दुपारी दारं बंद झाली की बहुतेक दुकानं थेट सोमवारी सकाळी उघडणार. तेवढ्या दिवसांचं जेवणाखाणाचं सामान २२ तारखेपर्यंत घरात आणा, कारण २३ आणि २४ला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. रोजची औषधं संपत आली असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी डिसेंबरच्या मध्यालाच घ्या आणि सुट्टीच्या दिवशी उघडं राहणारं औषधांचं दुकान कुठलं, ते लिहून ठेवा. खोली गरम ठेवणारं यंत्र बंद पडलं तर फोन कोणाला करायचा, हे घरमालकाला आधीच विचारा. घराची दुसरी किल्ली शेजारी किंवा मित्राकडे द्या. दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली, तर त्या दिवशी कुलूपवाला मिळणं कठीण. युरोपात तातडीचा नंबर ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. तो फोनमध्ये घालून ठेवा आणि कागदावरही लिहा.

वाहतुकीची चौकशी मात्र स्वतः आणि आधी करा. लंडनसारख्या शहरात २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे धावत नाही, बस धावत नाहीत आणि लांबच्या रेल्वेगाड्याही जवळपास सगळ्या बंद असतात. माझ्या पहिल्या वर्षी एका सहकारी बाईंनी मला त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. मी आवरून थांब्यावर गेले, तर वेळापत्रकाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: २५ला सेवा नाही. टॅक्सी मिळेना. दीड तास चालत गेले. पोहोचले तेव्हा घरातले सगळे, त्यांच्या म्हाताऱ्या आईसकट, ताटं झाकून माझी वाट बघत बसले होते. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही, पण त्या आजी माझ्यासाठी उपाशी राहिल्या हे मला अजून लागून राहिलंय. म्हणून आमंत्रण आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: यायचं कसं आणि परत जायचं कसं? कोणी न्यायला येणार आहे का, रात्री तिथेच राहायचं आहे का, हे आधी बोलून घ्या.

आमंत्रणं स्वीकारा. संकोच वाटतो, कोणाच्या घरच्या सणात आपण कशाला, असं मनात येतं. पण बोलावणाऱ्यानं विचार करूनच बोलावलेलं असतं. काय घालून यायचं, काय आणायचं, किती वाजेपर्यंत सगळे थांबतात, हे विचारलं की निम्मा संकोच जातो. तुम्ही काही पदार्थ खात नसाल किंवा कशाची ॲलर्जी असेल, तर आठवडाभर आधी कळवा. ताटावर बसल्यावर सांगितलं तर यजमानांना वाईट वाटतं आणि तुमचं पोट रिकामं राहतं. आमंत्रण आलं नाही, तर आपणहून एखाद्याला विचारा. मागे राहिलेली माणसं तुम्हाला वाटतात त्याहून जास्त असतात.

चर्चला जायचं असेल तर वेळा नीट वाचा. मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, सगळीकडे बरोबर बारालाच सुरू होत नाही, काही ठिकाणी ती दहा-अकरालाच असते. मोठ्या कॅथीड्रलमध्ये काही वेळा जागा आधी नोंदवावी लागते. तुमच्या भाषेतली मंडळी त्या शहरात जमतात का, हेही शोधा. त्यांची उपासना दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्याच चर्चमध्ये ठेवलेली असू शकते.

घरच्यांबरोबर एकाच वेळी काहीतरी ऐकायचं किंवा बघायचं ठरवलंत तर फार बरं वाटतं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये १९१८पासून २४ डिसेंबरला वाचनं आणि नाताळगीतांची उपासना होते आणि १९२८पासून ती रेडिओवर ऐकवली जाते. ती ब्रिटनमधल्या दुपारच्या ३ वाजता सुरू होते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे १० आणि सिडनीत २५च्या पहाटेचे २ वाजलेले असतात. कॅथलिक घरांसाठी २५ला रोमच्या वेळेनुसार दुपारी १२ वाजता पोप व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर चर्चच्या सज्जातून देतात तो आशीर्वाद आहे. दोन्हीकडे एकच आवाज चालू असला की फोनवर बोलायला विषय शोधावा लागत नाही.

आणि फोन. याची तयारी सगळ्यांत काळजीपूर्वक करा. दोन्हीकडच्या घड्याळांची वेळ एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि नक्की वेळ ठरवा. ‘सवड मिळाली की करू’ म्हटलं तर तिकडे घर पाहुण्यांनी भरलेलं असताना फोन वाजतो, फोन या हातातून त्या हातात फिरतो, प्रत्येक जण ‘कशी आहेस’ विचारतो आणि कोणाशीच बोलणं होत नाही. त्यापेक्षा दोन फोन ठरवा. एक गर्दीतला, दहा मिनिटांचा. त्यात फोन टेबलावर टेकवून ठेवायला सांगा आणि त्यांना त्यांची कामं करू द्या, तुम्ही नुसतं बघा. दुसरा एकाच माणसाबरोबर, निवांत. आई, आजी, भाऊ, ज्याच्याशी खरं बोलता येतं त्याच्याबरोबर. रडू आलं तर येऊ दे. घरच्यांना काळजी वाटेल म्हणून हसत राहायचं मी ठरवलं होतं. आईला ते पहिल्याच वाक्यात कळलं आणि तिला जास्त त्रास झाला.

फोन ठेवल्यानंतरचा तास रिकामा सोडू नका. दिवसातला सगळ्यांत जड तास तोच असतो. खोली अचानक शांत होते. त्या तासात काय करायचं हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे: कोणाला तरी भेटायचं, चालायला बाहेर पडायचं, घरून आलेल्या पार्सलातली एखादी गोष्ट तेव्हाच उघडायची. चालायला जाणार असाल तर उजेड बघून फोनची वेळ ठरवा. नाताळच्या सुमारास लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, स्टॉकहोममध्ये तीनच्या आत, आणि उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोत तो उगवतच नाही. मन फारच खचलं तर बोलायला माणूस मिळतो: ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्स या मदतसंस्थेचा ११६ १२३ हा नंबर फुकट आहे आणि २५ डिसेंबरलाही चोवीस तास चालू असतो. अमेरिकेत ९८८, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन या तशाच संस्थेचा १३ ११ १४. गरज पडेल असं वाटत नसलं तरी लिहून ठेवा.

पार्सलाचं थोडक्यात: घरून येणारं सामान नोव्हेंबरमध्येच निघालं पाहिजे. युरोपीय संघाच्या बाहेरून मांस किंवा दुधाचे पदार्थ टपालाने तिथे पाठवता येत नाहीत, ते जप्त होतात. घरच्यांना म्हणावं, तुमच्या हातचं पत्र पाठवा आणि घरातल्या सजावटीतला एखादा जुना तुकडा द्या. त्याचं पार्सलात फारसं वजन होत नाही.

यादीतलं शेवटचं काम २३ तारखेच्या संध्याकाळचं. तुम्ही राहता त्या इमारतीत, त्या मजल्यावर कोणाकोणाच्या खोलीत अजून दिवा आहे, ते बघून या. तेही इथेच थांबणार आहेत. त्यांचं दार वाजवा, नाव विचारा आणि २५ला किती वाजता भेटायचं ते ठरवूनच परत या.