टूडी इकोत 'एल.व्ही.एच.' आलंय? बीपीसोबत इन्सुलिनचंही बघून घ्या

टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमध्ये खाली 'माइल्ड कॉन्सेंट्रिक एल.व्ही.एच.' (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत सगळीकडून थोडी जाड) लिहून आलं की बहुतेक जण आधी ईएफ (दर ठोक्याला त्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा) बघतात, ते ६० टक्के दिसलं की हुश्श म्हणतात आणि फाइल कपाटात जाते. ईएफ चांगलं आहे ही चांगलीच गोष्ट आहे हो, पण हृदयाची भिंत जाड झालीये हे वेगळं प्रकरण आहे, पंपिंग जोरात चालू असतं पण दोन ठोक्यांच्या मधे हृदयाला नीट सैल पडता येत नाही, म्हणून बऱ्याचदा त्याच पानावर 'डायस्टॉलिक डिसफंक्शन ग्रेड १' पण असतं.

तर आधी आकडे शोधा. आयव्हीएस म्हणजे मधला पडदा आणि पीडब्ल्यू म्हणजे मागची भिंत. पुरुषांत साधारण ६ ते १० मिमी, बायकांत ६ ते ९ मिमी नॉर्मल धरतात. १५ मिमी किंवा वर असेल, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, किंवा चालता-चालता चक्कर येऊन पडायला होत असेल तर खालचं काही करत बसू नका, सरळ कार्डिओलॉजिस्ट गाठा, ते आनुवंशिक असू शकतं आणि त्याची ट्रीटमेंट वेगळी असते.

बाकीच्यांमध्ये मुख्य कारण बीपीच. पण बीपी का वाढलं हे कुणी विचारत नाही आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं (यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडत राहतं, त्यामुळे शुगर वर्षानुवर्षं नॉर्मल दिसते आणि माणूस निर्धास्त. हे जादा इन्सुलिन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं, नसांवरचा ताण वाढवतं, आणि साखर आत घ्यायचं काम मंदावलं तरी पेशींना 'वाढा' सांगणारा त्याचा सिग्नल चालूच राहतो, हृदयाच्या स्नायूंनाही तो मिळतो. आता हेही सांगतो, बीपी आणि वजनाचा हिशोब वेगळा काढला की हे नातं बरंच फिकं पडतं, म्हणून सगळा दोष एकट्या इन्सुलिनवर टाकू नका, पण पोट, बीपी आणि इन्सुलिन ही तिघं जोडीनेच फिरतात.

तपासायचं कसं? पहिली टेप. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर गेलं की सावध व्हा. मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा दिसतो का तेही बघा, घासून जात नाही तो. मग उपाशीपोटी शुगर आणि इन्सुलिन एकाच वेळी करा, दोन्हीचा गुणाकार करून ४०५ ने भागा. समजा शुगर ९८ आणि इन्सुलिन १८, तर १७६४ भागिले ४०५, म्हणजे ४.३६. साधारण २.५ च्या वर गेलं की रेझिस्टन्स धरतात, पण लॅबप्रमाणे फरक पडतो आणि इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांना हा हिशोब लागूच होत नाही. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ५.७ ते ६.४ आली म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी.

बीपी घरी मोजा, सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, हात हृदयाच्या उंचीवर टेकवून, दोन-दोन रीडिंग. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे. घोरणं खूप असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा, स्लीप ॲप्निया बीपी आणि इन्सुलिन दोन्ही बिघडवतो.

आता करायचं काय. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, बीपी नीट कंट्रोलमध्ये राहिलं तर जाड झालेली भिंत कमी होऊ शकते, लोसार्टनसारख्या गोळ्यांचा त्यात चांगला अनुभव आहे. बाकी जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांनी कंपनीच्या आवारातच चाला. सकाळी वेळ असेल तर गोल्फ क्लब ग्राउंड आहे, कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, आठवड्याला १५० मिनिटं झाली पाहिजेत. सोबत दोन दिवस थोडा वजनाचा व्यायाम करा, साखर ओढून घेणारा सगळ्यात मोठा अवयव स्नायूच आहे. रविवारची मिसळ सोडा असं नाशिककराला मी सांगणार नाही, पण मटकी वाढवून घ्या, शेव कमी, पाव एकच आणि वरचा पापड नकोच, कारण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायचंय आणि चिवडा-पापड-लोणच्यात ते कधी संपतं कळत नाही. सीझनला द्राक्षं मूठभर, तीही जेवणासोबत, घड घेऊन टीव्हीसमोर बसायचं नाही.

वजन ८० किलो असेल तर चार-सहा किलो उतरलं तरी इन्सुलिनमध्ये फरक दिसतो. भिंतीचं तसं नाही, तिला महिनोन्महिने लागतात, त्यामुळे दर महिन्याला इको करून पैसे घालवू नका, डॉक्टर म्हणतील तेव्हा, जमल्यास त्याच सेंटरला करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या, एक-एक मिमीचा फरक वेगळ्या मशीनवर मोजण्यातच येऊ शकतो.