खाण जुनी असली तरी पाण्याची एनओसी लागतेच
पुण्याजवळ वाघोली-मोशीकडं बरेच खाणवाले धरून चालतात की खाण जुनी आहे म्हणजे झालं, पण भूजल उपसत असाल तर २०२० च्या गाइडलाइन्सनुसार चालू खाणीलाही केंद्रीय भूजल प्राधिकरणाची एनओसी लागते. अर्ज ऑनलाइनच, भू-नीर पोर्टलवर. फॉर्म भरणं सोपंय हो, खरी डोकेदुखी रिपोर्टची, म्हणजे कुठल्या खोलीला दरवर्षी किती पाणी झिरपणार, आजूबाजूच्या विहिरींवर काय परिणाम होणार हे मान्यताप्राप्त कन्सल्टंटकडून काढून घ्यावं लागतं, ते आधी उरका. उपसलेलं पाणी मोजणारा मीटर टेलिमेट्रीवाला, म्हणजे आकडे आपोआप दूर पाठवणारा, डिजिटलच हवा. उपसलेलं पाणी नाल्यात सोडून मोकळं होऊ नका, धूळ बसवायला, शेतीला कसं वापरणार ते लिहा. एनओसी २ वर्षांचीच मिळते, रिन्यूअलचा रिमाइंडर लावून ठेवा.