वाघाटी लावताय? या चुका टाळा

आषाढी एकादशीच्या सुमारास भाजीबाजारात वाघाटीच्या हिरव्या फळांचे छोटे ढीग दिसू लागतात. द्वादशीला उपास सोडताना ज्यांच्याकडे ही भाजी लागतेच, ते भाव न विचारता घेतात. गोविंदफळ ते हेच. वर्षातून एकदा आठवणारी ही रानवेल आता काही जण बागेत लावतात, याचा मला मनापासून आनंद होतो. पण दोन-तीन वर्षांत वैतागून उपटून टाकल्याचंही ऐकतो, आणि तेव्हा चूक बहुतेक वेळा जागेची असते.

फाटकाची कमान, जिन्याचा कठडा, कपडे वाळत घालायची दोरी यांच्याजवळ वाघाटी नको. पानाच्या देठाशी दोन-दोन काटे असतात, मागे वळलेले, वाघनखांसारखे. हात आत सहज जातो, बाहेर काढताना अडकतो. हिची जागा कुंपणावर, नाहीतर मागच्या एखाद्या जुन्या झाडावर. कुंडीत ती जगेलही, पण तिथे बहराची आशा धरू नका.

रोप घेताना नावावर जाऊ नका. वाकेरीलाही काही भागांत वाघाटीच म्हणतात. तीही काटेरी, तीही सह्याद्रीतली, पण तिची पानं चिंचेसारखी बारीक दलांची आणि फुलांचे तुरे लाल-केशरी. आपल्या वाघाटीचं पान साधं, एकसंध असतं आणि कोवळी पालवी तांबूस लवदार. जंगलातून रोप उपटून आणू नका. पिकलेलं फळ मिळालं तर बियांवरचा गर धुऊन त्या ताज्याच पेरा.

पहिली दोन वर्षं वेल जागची हलत नाही असं वाटतं. मग लोक खत-पाणी वाढवतात. ही कोरड्या रानातली वेल आहे. पाणी साचलं की मुळं कुजतात. जम बसला की उन्हाळ्यातही तिला फारसं पाणी लागत नाही.

छाटणी थंडीत करू नका. फेब्रुवारी ते एप्रिल हा फुलांचा काळ, आणि आधी छाटलं तर त्या वर्षीचा बहर गेला. लांब केसरांची ती पांढरी फुलं हळूहळू गुलाबी-लाल होत जातात, एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. हे चुकवू नये. कात्री लावायची ती फळं उतरवल्यावर. तेव्हाही कापलेली फांदी ओढू नका, काटे सगळीकडे रुततात. जागेवरच हातभर तुकडे करा. चामड्याचे हातमोजे हवेतच.

सगळ्यात जीवाला लागणारी चूक म्हणजे औषध फवारणं. पानं कुरतडलेली दिसली की लोक पंप उचलतात. त्या अळ्या बहुधा फुलपाखरांच्या असतात. पायोनियर आणि ग्रेट ऑरेंज टिप ही फुलपाखरं वाघाटीवर अंडी घालतात. ग्रेट ऑरेंज टिपची मोठी अळी डिवचली तर अंगाचा पुढचा भाग फुगवून हुबेहूब हरणटोळ सापासारखी दिसते. घाबरून मारू नका, ती चावत नाही. खाल्लेल्या फांद्यांना पावसाळ्यात पुन्हा पालवी येते.

भाजीसाठी फळं कोवळी असतानाच काढा आणि आतल्या कडू बिया काढून टाका. चार-पाच फळं मात्र वेलीवरच पिकू द्या. ती लाल झाली की पक्षी येतात, आणि पुढच्या रोपांसाठी तुम्हालाही बिया मिळतात.