नवीन अग्निशमन केंद्र आखताना: आधी मिनिटं मोजा, मग भूखंड बघा

घोडबंदर रोडसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या पट्ट्यात नवीन केंद्र आखायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पालिकेचा रिकामा भूखंड कुठे आहे?" तो नंतरचा. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आल्यापासून ५ मिनिटांत बंब कुठवर पोचतो, हे आधी काढा.

वर्दी लिहून घेऊन गाडी फाटकाबाहेर पडायला १ मिनिट धरा. उरली ४. ताशी २५ किमी वेगाने तेवढ्यात जेमतेम १.७ किमी होतात. शहरात दर १० चौ. किमीला एक केंद्र असा निकष सांगतात. तेवढ्या वर्तुळाची त्रिज्या १.८ किमी येते, म्हणजे कागदावर सगळं जुळतं. पण बंब कंपासच्या रेषेवरून धावत नाही. दुभाजकाला कट नसला की समोरची सोसायटी यू-टर्नमुळे दोन किमी लांब जाते. म्हणून पाणी भरलेली गाडी सकाळी ९ आणि संध्याकाळी ७ ला, दोन्ही दिशांना प्रत्यक्ष फिरवून वेळा नोंदवा. पावसाळ्यात एकदा पुन्हा. फाटकासमोर दुभाजकाला उघडता येणारा कट आणि केंद्रातून चालणारा सिग्नल, या दोन्ही गोष्टी वाहतूक पोलिसांकडून भूखंड पक्का करण्याआधीच मंजूर करून घ्या.

विकास आराखड्यात आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि आरक्षण उडू शकतं. नवी मुंबईत खाडीकडचा भूखंड मिळाला तर जोता उंच घेताना समोरचा रस्ताही बघा. कोरड्या केंद्रातली गाडी गुडघाभर पाण्यात उतरणार असेल तर त्या जोत्याचा काय उपयोग? जवळ धारण तलाव (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारा तलाव) असेल तर सक्शनसाठी, म्हणजे पंपाने त्यातलं पाणी ओढायला, गाडी उभी राहील असा पक्का धक्का बांधा. पाण्याची पातळी पंपापासून ७ मीटरपेक्षा जास्त खाली गेली की पंप पाणी उचलत नाही. पाणी खारं असेल तर वापरानंतर पंप गोड्या पाण्याने धुवावाच लागतो.

आता गाडीखाना. दरवाजा ४ मीटर रुंद, ४.५ मीटर उंच. पुढचं अंगण सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठं, नाहीतर गाडीचं तोंड रस्त्यावर काढून उभं राहावं लागतं. शटर मोटरचं असलं तरी हाताने ओढायची साखळी हवीच. फरशी गुळगुळीत नको. ओल्या बुटांनी धावणारा जवान तिथेच आपटतो.

आराखड्यात हमखास सुटते ती हवेची लाइन. उभ्या गाडीच्या एअर ब्रेकच्या टाक्यांमधली हवा हळूहळू उतरते. दाब भरेपर्यंत ब्रेक सुटत नाहीत, चालक इंजिन रेझ करत बसतो आणि वाचवलेलं मिनिट गाडीखान्यातच जातं. प्रत्येक गाडीच्या जागेवर कंप्रेसरची नळी आणि बॅटरी चार्जरचा पॉइंट द्या, दोन्हींची जोडणी गाडी हलताच आपोआप सुटणारी. खर्च किरकोळ आहे, पण नंतर फरशी फोडून कोणी करत नाही.

होज, म्हणजे पाणी मारायचे पाइप, वाळवायला मनोरा लागतो. १५ मीटरचा होज मधून दुमडून टांगला तर ९ मीटर उंची पुरते. भूमिगत टाकी १ लाख लिटरची घ्या आणि भरणीचा पंप मिनिटाला ९०० लिटरचा, म्हणजे ४,५०० लिटरचा बंब ५ मिनिटांत भरतो.

मनुष्यबळ एका गाडीला ६ धरलं तर तीन पाळ्यांचे १८. साप्ताहिक सुट्टीचे ३ मिळवा, रजेचे २-३ धरा, आकडा २३-२४ वर जातो. प्रस्तावात गाडीमागे १८ च लिहिले की केंद्र सुरू झाल्यावर दुसरी गाडी नुसती उभी राहते. क्वार्टर्स त्याच आवारात हवीत. जवान बदलापूर-टिटवाळ्याहून येणार असतील तर मोठ्या पावसात लोकल अडकते, आणि झाड पडल्याच्या वर्द्या नेमक्या त्याच दिवशी येतात.