कोहोमॉलॉजी रिंग काढताना या चुका टाळा

कोहोमॉलॉजी रिंग म्हणजे ग्रुपला जोडलेली, डिग्रीनुसार वाटलेली रिंग. ८ घटकांचा डायहेड्रल ग्रुप (चौरसाच्या सममितींचा) घ्या, सहगुणक २ घटकांच्या फील्डमधले. ग्रुपच्या पोटात ४ घटकांचा चक्रीय उपग्रुप आहे, कोशंट २ घटकांचा. स्पेक्ट्रल सीक्वेन्स (उपग्रुप आणि कोशंटवरून पानापानाने उत्तराकडे जायची रीत; एका पानावरून पुढच्यावर नेणारे नकाशे म्हणजे डिफरन्शियल) मांडला की दुसऱ्या पानानंतर काहीच बदलत नाही, सगळे डिफरन्शियल शून्य. मग खुशीत शेवटच्या पानावरचा गुणाकार तसाच उतरवला जातो: जनक म्हणजे डिग्री १ चे अ (कोशंटकडून) आणि उ (उपग्रुपाकडून), डिग्री २ चा व, आणि उ² = ०.

उत्तर बरोबर आहे, फक्त ग्रुप दुसरा! ४ आणि २ घटकांच्या चक्रीय ग्रुपांच्या गुणाकाराची ही रिंग. डायहेड्रलमध्ये उ² = अउ. पण अउ फिल्ट्रेशनमध्ये (शेवटचं पान रिंगचे जे थर दाखवतं त्यांत) एक पायरी खोल असतो, म्हणून शेवटच्या पानावर उ² च्या जागी शून्य दिसतं. क्ष = उ, य = अ + उ असं लिहा, की पुस्तकातलं क्ष·य = ० हाती येतं.

मिती मोजून ही चूक सापडणार नाही. डिग्री न मध्ये दोन्हीकडे न + १ च, आणि ४ घटकांच्या क्लाइन ग्रुपचीही तेवढीच. त्यापेक्षा उ चं रिस्ट्रिक्शन य च्या कर्नलवर घ्या (डिग्री १ चा घटक म्हणजे ग्रुपवरून २ घटकांच्या ग्रुपवर जाणारा होमोमॉर्फिझम). तो कर्नल क्लाइन ग्रुप आहे, त्याची रिंग बहुपदींची. तिथे उ शून्य नाही, मग उ² कसा शून्य होईल?

८ घटकांच्या क्वाटर्निअन ग्रुपात चूक उलटी, घाई नडते. इथे क्ष आणि य म्हणजे त्या ग्रुपचे डिग्री १ चे जनक. केंद्रावरून सुरुवात केली की दुसऱ्या पानावर क्ष² + क्षय + य² = ० मिळतं. तिथेच थांबलात तर रिंगची क्रुल मिती (बीजगणिताने स्वतंत्र घटक जास्तीत जास्त किती) २ येते. क्विलनच्या प्रमेयानुसार ती २-रँकइतकी (२ घटकांच्या चक्रीय ग्रुपांचा गुणाकार असलेल्या उपग्रुपात असे जास्तीत जास्त किती ग्रुप बसतात तितकी), म्हणजे १ हवी. राहिलेला तिसऱ्या पानावरचा डिफरन्शियल स्टीनरॉड स्क्वेअरने (कोहोमॉलॉजीवरच्या, डिग्री वाढवणाऱ्या क्रियेने) मिळतो: क्ष²य + क्षय² = ०.

संगणकाला याच ग्रुपचं उत्तर डिग्री ३ पर्यंतच मागितलं, तर मिती १, २, २, १ येतात आणि काम संपलंसं वाटतं. डिग्री ४ चा जनक मात्र निसटतो. कुठे थांबायचं हे सायमंड्सच्या २०१० च्या निकालावरून ठरवा: ग्रुपचं न मितीचं फेथफुल (वेगळ्या घटकांना वेगळे मॅट्रिक्स देणारं) कॉम्प्लेक्स रिप्रेझेंटेशन असेल (न किमान २), तर जनक न² डिग्रीपर्यंत, नाती २न² पर्यंत. इथे न = २, म्हणजे जनकांसाठी ४ आणि नात्यांसाठी ८.

विषम प्राइमकडे वळताना मात्र सवय बदला. तिथे डिग्री १ च्या प्रत्येक घटकाचा वर्ग खरोखरच शून्य असतो.