नवीन पीसीवर गेम अडकतोय? ग्राफिक्स कार्ड परत पाठवायच्या आधी हे बघा

मागच्या दिवाळीत आतेभावाने पीसी बांधला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीच्या दोन रॅम, सगळं छान. आणि रात्री अकराला त्याचा फोन, "दादा कार्डच खराब आलंय बहुतेक, परत करू का?" व्हॅलोरंट कसंबसं चालत होतं आणि सायबरपंक लावलं की नुसता स्लाइड शो. म्हटलं थांब, आधी कॅबिनेटच्या मागचा फोटो पाठव.

फोटोत मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली, आणि खाली ग्राफिक्स कार्डच्या पोर्टांवर कंपनीची काळी टोपणं अजून जशीच्या तशी!

हसू नका, नवीन पीसीत ही चूक खूप जण करतात. ७६०० मध्ये स्वतःचं छोटंसं ग्राफिक्स असतं त्यामुळे डिस्प्ले व्यवस्थित येतो आणि संशयच येत नाही. तेच रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर असता तर स्क्रीन काळीच राहिली असती आणि दोन मिनिटांत कळलं असतं. तर पहिलं काम हे, यूएसबी आणि लॅनच्या शेजारचे पोर्ट मदरबोर्डचे, त्यांच्या खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डचे. केबल खाली लावा.

केबल बरोबर असेल तर मग अंदाजाने काहीतरी बदलत बसू नका, आधी मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, त्यासोबत रिवाट्यूनर येतो, त्याने गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसतात. कार्डचा वापर आणि क्लॉक (त्याचा वेग), कार्डचं आणि प्रोसेसरचं तापमान, व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) एवढं लावा. कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल आणि क्लॉकही पडत नसेल तर ते जीव तोडून काम करतंय, सेटिंग कमी करा नाहीतर डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र बनवून ते मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) लावा. पण कार्ड ५० टक्क्यांवर निवांत बसलंय आणि एफपीएस तरी कमी, तर अडचण प्रोसेसर, रॅम किंवा कुठल्यातरी लिमिटमध्ये आहे. इथे टास्क मॅनेजरमधला "सीपीयू ३० टक्के" बघून फसू नका, कारण बरेच गेम एक-दोन कोअरवरच सगळा भार टाकतात आणि बाकीचे रिकामे बसलेले असतात.

लिमिटचं आधी उरकून घेऊ. एफपीएस बरोब्बर ६० वर अडकलं असेल तर गेममध्ये व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारं सेटिंग) चालू आहे का बघा. आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेतला म्हणजे तो आपोआप १४४ वर चालतोच असं नाही, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन बघा, तिथे बऱ्याचदा ६० च असतं. लोक महिनोनमहिने तसंच खेळतात.

आता रॅम. इथे जरा वेळ द्या, कारण नवीन पीसीत निम्मा घोळ इथेच असतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा आणि स्पीड बघा. बॉक्सवर ६००० लिहिलंय आणि इथे ४८०० दिसतंय? दुकानदाराने फसवलं नाही, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम बॉक्सवरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलेलं नाही एवढंच. पीसी चालू होताना डिलीट दाबत राहा, बायोसमध्ये एक्स्पो (इंटेलवर एक्सएमपी) चालू करा, सेव्ह करून बाहेर या. डीडीआर५ रॅम असेल तर यानंतर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, घाबरून स्विच बंद करू नका, चहा ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनीही काही आलं नाही तर पीसी बंद करून पॉवरची केबल काढा, मदरबोर्डवरचा गोल सेल दोन मिनिटं काढून परत बसवा, सगळं मूळ सेटिंगवर येतं.

आणि स्लॉट! चार स्लॉटचा बोर्ड असेल तर दोन रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. शेजारीशेजारी लावल्या की सिंगल चॅनेलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने, चालतात. आमच्या आतेभाऊसाहेबांनी त्याही शेजारीच लावल्या होत्या, "तशाच छान दिसतात" म्हणे.

मग गरमी. नुसता गेम खेळताना ७६०० सारखा प्रोसेसर ९५ अंशांवर जात असेल तर कूलर नीट बसलेला नाही, किंवा त्याच्या बुडाला चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक काढायचंच राहिलंय. खरंच राहतं, मी स्वतःच्या पहिल्या पीसीत थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती) त्या प्लास्टिकवरच लावली होती आणि दोन दिवस फॅनला शिव्या घालत बसलो होतो. कूलर काढलाच तर जुनी पेस्ट पुसून नवीन लावायची. आणि कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात कोंबला असेल तर बाहेर काढा, मे महिन्यात तर नक्कीच.

बाकीचं पटपट. कार्ड सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्ये हवं, खालचा दिसायला तसाच असला तरी बहुतेक बोर्डांवर हळू असतो. जीपीयू-झेड या कार्डची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ४०६० ला आठच लेन (बोर्डशी बोलायच्या वाटा) दिसल्या तर ठीक आहे, ते कार्ड मुळातच आठ लेनचं आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर कार्डच्या साइटवरून आणि चिपसेट ड्रायव्हर बोर्डच्या साइटवरून टाका. गेम जुन्या हार्ड डिस्कवर नको, एसएसडीवर हवा. नवीन गेम पहिल्यांदा लावल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत झटके बसतात, अर्धा तास खेळून मग ठरवा. ८ जीबीचं कार्ड असेल आणि व्हीरॅम भरलेली दिसत असेल तर गेममधलं टेक्स्चर सेटिंग एक पायरी खाली आणा, दिसण्यात फारसा फरक पडत नाही.

हे सगळं करूनही कार्ड रडतंच असेल तर ते मित्राच्या पीसीत लावून तोच गेम, तीच सेटिंग चालवून बघा. तिथेही तेच झालं तर मग बिल आणि बॉक्स घेऊन दुकानात जा, आणि हो, ती पोर्टांवरची काळी टोपणंही सोबत ठेवा.